थ्रेड : खुर्च्यांचे भांडण आणि महाराष्ट्राची तीन मैदाने

१९३७ च्या डिसेंबरात मुंबईत एक नवे कोरे क्रिकेट मैदान खुले झाले. भारतातले ते पहिले खऱ्या अर्थाने बांधीव स्टेडियम. त्याच हंगामात तिथे मुंबईची सर्वांत लोकप्रिय स्पर्धा भरली आणि त्या स्पर्धेतल्या सर्वांत मोठ्या पाठीराख्यांच्या संघाने खेळायलाच नकार दिला. खेळपट्टीबद्दल तक्रार नव्हती, पंचांबद्दल नव्हती, मानधनाचाही प्रश्न नव्हता. वाद होता तो खुर्च्यांचा : कोणाच्या वाट्याला किती जागा यायच्या, याचा.

हा प्रसंग एकदाच घडून थांबला असता, तर तो क्रिकेटच्या गमतीजमतींत जमा झाला असता. परंतु पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तो निराळ्या पात्रांसह आणखी दोनदा घडला. त्यातून मुंबईत वानखेडे उभे राहिले आणि पुण्याजवळ गहुंजे. महाराष्ट्रात आंतरराष्ट्रीय सामना कुठे होतो, केव्हा होतो आणि किती माणसे तो प्रत्यक्ष पाहतात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे खेळाच्या नियमांत कमी आणि या भांडणांत अधिक सापडतात. यातल्या तिसऱ्या भांडणाचा सोलापूरशी थेट संबंध आहे. पण तिथे पोहोचण्याआधी आझाद मैदानाच्या टोकाशी असलेल्या जुन्या जिमखान्यापासून सुरुवात केली पाहिजे.

बॉम्बे जिमखाना १८७५ मध्ये स्थापन झाला. तो गोऱ्यांचा क्लब होता. मैदान उत्तम, पण क्लबच्या इमारतीत हिंदी माणसाला प्रवेश नाही. अपवाद झालाच तर एखाद्या संस्थानिकाचा. मुंबईत क्रिकेट रुजवले ते पारशांनी. १८९० च्या जानेवारीत जी. एफ. व्हर्नन यांचा इंग्लिश संघ याच मैदानावर पारशांकडून हरला, आणि त्या दौऱ्यातला त्यांचा तो एकमेव पराभव ठरला. १८९२ पासून युरोपीय विरुद्ध पारशी हे सामने नियमित होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि तिरंगी स्पर्धा झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि चौरंगी झाली. सामने कधी मुंबईत होत, कधी पुण्यात.

या काळातल्या प्रेक्षकसंख्येचे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. मैदानाला भिंत नव्हती. एका बाजूला क्लबची इमारत, तिच्या लगत निमंत्रितांचे शामियाने, काही तात्पुरत्या बाकांच्या रांगा, आणि उरलेल्या कडेला दोर. दोराबाहेर उभा राहणारा, झाडावर चढणारा, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून पाहणारा प्रेक्षक कोण मोजणार? ‘हजारोंची गर्दी’ असे जे लिहिले जाई, तो बहुधा नजरेचा अंदाज असे. मात्र कोण कुठे बसतो, हे अगदी काटेकोरपणे ठरलेले होते. गर्दी मोजलेली नव्हती. तिची वाटणी केलेली होती.

१ डिसेंबर १९२६ हा दिवस या दृष्टीने फार बोलका आहे. आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला होता आणि हिंदू संघाशी त्याचा दोन दिवसांचा सामना जिमखान्यावर चालू होता. दुसऱ्या दिवशी सी. के. नायडू यांनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा काढल्या; त्यांत ११ षटकार होते. दिवस बुधवारचा, म्हणजे कामाचा. तरीही बातमी जशी फोर्टातल्या कचेऱ्यांमधून पसरत गेली, तशी मैदानाभोवतीची गर्दी वाढत गेली. सकाळी जेवढे लोक होते त्याहून कितीतरी अधिक दुपारी होते. आज तिकीटविक्री सामन्याच्या कित्येक आठवडे आधी संपते. तेव्हा डाव रंगात आल्यावरही प्रेक्षक होता येत असे.

भारतातला पहिला कसोटी सामनाही इथेच झाला : १५ ते १८ डिसेंबर १९३३, समोर डग्लस जार्डिन यांचा इंग्लंड संघ. शुक्रवारी सुरू होऊन सोमवारी संपेल अशी आखणी होती. इंग्लंडमध्ये त्या काळी कसोटीत रविवारी खेळ होत नसे. मुंबईत मात्र रविवार हा खेळाचा दिवस ठरला आणि तोच या सामन्याचा गाभा बनला. कारण चाकरमान्यांना आणि गिरणीतल्या लोकांना मोकळीक मिळे ती त्याच दिवशी. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक पूर्ण केले. त्या क्षणी लोकांनी मैदानात घेतलेली धाव आणि स्त्रियांनी उधळलेले दागिने यांच्या कथा पुढे अनेकांनी सांगितल्या. सामना भारताने नऊ गड्यांनी गमावला, हे त्या कथांमध्ये सहसा येत नाही.

त्या मालिकेचे उरलेले दोन कसोटी सामने कलकत्ता आणि मद्रास येथे झाले. तीन इलाखे, तीन राजधान्या, तीन कसोट्या. जिल्ह्याच्या गावांना या नकाशात स्थान नव्हते. सोलापूर हे तेव्हा मुंबई इलाख्यातले मोठे गिरणी शहर होते. रेल्वेने मुंबई सुमारे साडेचारशे किलोमीटरवर. कसोटी पाहायची तर रात्रभराचा प्रवास आणि दोन-तीन दिवसांचा खाडा. गिरणी कामगाराला हे जमण्यासारखे नव्हते.

तरीही सामन्यांच्या वेळापत्रकाच्या इतिहासात सोलापूर एका निराळ्या वाटेने येते. १९३० ते १९३३ या वर्षांत चौरंगी स्पर्धा झालीच नाही. १९३०-३१ च्या हंगामासाठी योजलेला एमसीसीचा दौराही बारगळला. कारण सविनय कायदेभंगाची चळवळ. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, गोळीबार झाला, काही दिवस शहरावर सरकारचा ताबाच उरला नाही. १२ मे रोजी तिथे लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. चार धर्मांच्या नावाने चार शामियाने उभारून सामने खेळावेत, अशी ती वेळच नव्हती. क्रीडा इतिहासाच्या पुस्तकांत ही वर्षे बहुधा ‘स्पर्धा झाली नाही’ एवढ्या तीन शब्दांत उरकली जातात. त्या तीन शब्दांमागे शोलापूर मार्शल लॉचाही वाटा आहे.

आता पुन्हा १९३७ कडे. १९३३ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला आणि अँथनी डिमेलो यांच्या खटपटीतून बॅकबेच्या भराव घातलेल्या जमिनीवर स्वतंत्र मैदानाची कल्पना आकाराला आली. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनी जमीन मिळवून दिली : ९०,००० चौरस यार्ड, दर यार्डाला साडेतेरा रुपये, म्हणजे सुमारे १२ लाख. २२ मे १९३६ रोजी पायाभरणी झाली आणि ७ डिसेंबर १९३७ रोजी लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने उद्घाटन. मैदानाला नाव अर्थातच गव्हर्नरांचे दिले गेले.

जिमखान्याच्या तुलनेत ही क्रांतीच होती. हिंदी माणूस आता क्लबच्या इमारतीतही बसू शकत होता. मात्र दोराच्या जागी भिंत आली, आणि भिंत आली की जागा मोजता येतात. जागा मोजता आल्या की त्या वाटाव्या लागतात. त्या वर्षी ‘इतर’ हा पाचवा संघ घेऊन स्पर्धा पंचरंगी होणार होती. ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन अशा चारही चौकटींत न बसणाऱ्या खेळाडूंसाठी हा संघ होता. मैदान क्लबचे, संघ जिमखान्यांचे. आपल्या सभासदांसाठी मिळालेला जागांचा वाटा अपुरा आहे, असे हिंदू जिमखान्याचे म्हणणे. मैदानाच्या मालकांना ते मान्य नव्हते. हिंदू संघाने माघार घेतली. पहिली पंचरंगी स्पर्धा हिंदूंविना झाली आणि ती मुस्लिम संघाने जिंकली.

पुढच्या हंगामात हिंदू संघ परतला. त्या स्पर्धेवर खरा आघात १९४० मध्ये झाला, जेव्हा गांधीजींनी धर्मावर आधारलेल्या क्रिकेटला जाहीर विरोध केला. तरीही गर्दी हटली नाही, हे मान्य केले पाहिजे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंकडून नाबाद २५० धावा काढल्या, तर सांगलीच्या विजय हजारे यांनी इतरांच्या ३८७ धावांच्या डावात एकट्याने ३०९. धर्मनिहाय स्पर्धेत हजारे हे ख्रिस्ती म्हणून ‘इतरां’कडून खेळत आणि त्यांना पाहायला सगळेच येत. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची संपली. रणजी करंडकाला तिच्याएवढे प्रेक्षक कधी लाभले नाहीत, ही गोष्ट इतिहासकारांना थोडी अवघडल्यासारखी वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे.

ब्रेबोर्नवरचा पहिला कसोटी सामना ९ डिसेंबर १९४८ रोजी वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाला. त्या सामन्यात पदार्पण करणाऱ्या भारतीय खेळाडूंत पॉली उमरीगर होते. त्यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा, सोलापूरचा. पुढे ते भारताचे कर्णधार झाले आणि कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय ठरले. सोलापूरला कसोटी सामना मिळाला नाही. कसोटीला सोलापूरचा माणूस मात्र मिळाला. गावातल्या लोकांसाठी त्या काळी सामना म्हणजे रेडिओ, आणि पुढे बाळ ज. पंडित यांचे मराठी धावते वर्णन. प्रेक्षकसंख्येच्या कुठल्याही तक्त्यात हे श्रोते येत नाहीत.

इथे थोडे थांबून व्यवस्था समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे भांडण तिच्यातूनच निघते. आंतरराष्ट्रीय सामना कुठल्या शहरात व्हायचा, हे क्रिकेट मंडळ ठरवते. मंडळ तो सामना त्या भागातल्या असोसिएशनला देते. असोसिएशन म्हणजे तिच्याशी संलग्न असलेले असंख्य क्लब. मतदार तेच आणि तिकिटांचे पहिले हक्कदारही तेच. असोसिएशनचे स्वतःचे मैदान असले तर प्रश्न मिटला. नसले तर मैदान दुसऱ्याकडून घ्यावे लागते, आणि मग मालक आपल्या सभासदांसाठी जागा राखून ठेवतो. सामना भरवणारा एक, जागेचा धनी दुसरा. साधारण सामन्याला हे खपते. कसोटीला, जेव्हा प्रत्येक मंत्र्याला, अधिकाऱ्याला, क्लबच्या चिटणीसाला पास हवा असतो, तेव्हा खपत नाही.

बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे दुखणे नेमके हेच होते. मुंबईचा संघ वर्षानुवर्षे रणजी करंडक जिंकत होता, भारतीय संघात निम्मे खेळाडू मुंबईचे असत. पण कसोटी आली की असोसिएशनला ब्रेबोर्नच्या दारात जागांसाठी उभे राहावे लागे. १९७० नंतर हा वाद विकोपाला गेला. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे विदर्भातले काँग्रेसचे वजनदार नेते, १९७२ पासून विधानसभेचे अध्यक्ष. क्लबच्या बाजूने होते विजय मर्चंट. योगायोगाचा भाग असा की १९३७ मध्ये ज्या हिंदू संघाने जागांसाठी माघार घेतली, त्या संघाचे मर्चंट हे प्रमुख फलंदाज होते. पस्तीस वर्षांनी ते मैदानाच्या मालकांच्या बाजूला बसलेले दिसतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. क्लबने स्वतःच्या पैशाने मैदान बांधले होते आणि सभासदांना दिलेला शब्द पाळणे हे अध्यक्षाचे कर्तव्यच होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच तडजोड होईना.

वानखेडे यांनी चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या दरम्यान, रेल्वे रुळांना लागून असलेली जमीन मिळवली. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार वर्ष-सव्वा वर्षात सुमारे ४५,००० प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. ब्रेबोर्नपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर! एका शहराला एवढ्या अंतरात दोन कसोटी मैदानांची गरज नव्हती. गरज असोसिएशनला होती. ब्रेबोर्नवर १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली, आणि त्यानंतरची थेट २००९ च्या डिसेंबरात, तीही वानखेडेची पुनर्बांधणी चालू होती म्हणून.

वानखेडेवरची पहिली कसोटी २३ जानेवारी १९७५ रोजी वेस्ट इंडीजविरुद्ध सुरू झाली. मालिका २–२ अशी बरोबरीत असल्याने हा निर्णायक सामना सहा दिवसांचा होता. त्याची तारीखवार आखणी पाहण्याजोगी आहे : २३, २४, २५, मग २७, २८, २९. मधला २६ जानेवारी विश्रांतीचा. प्रजासत्ताक दिनी पोलीस बंदोबस्त, शासकीय कार्यक्रम आणि कसोटी सामना हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागू नये, ही सोय आपोआप झाली.

सामन्यात क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. त्यांचे द्विशतक झाल्यावर एक चाहता अभिनंदनासाठी मैदानात धावला, पोलिसांनी त्याला मारहाण केली, आणि नव्या स्टेडियममधला प्रेक्षक खवळला. मोडतोड झाली, खेळ थांबवावा लागला. याआधी १९६९ मध्ये ब्रेबोर्नवरही ऑस्ट्रेलियाविरुद्ध वेंकटराघवन यांना बाद दिल्यावर जाळपोळ झाली होती. १९३३ मध्ये अमरनाथांकडे धावलेल्या माणसांची आठवण कौतुकाने काढली जाते. १९७५ च्या चाहत्याला लाठी मिळाली. मधल्या काळात प्रेक्षक तेवढाच उत्साही राहिला होता. कुंपण मात्र वाढले होते.

तिसरे भांडण पुण्याचे. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटच्या तीन असोसिएशन आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. सोलापूर तिसऱ्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या असोसिएशनच्या क्षेत्रात येते. म्हणजे सोलापूरच्या खेळाडूला निवडचाचणीसाठी आणि सोलापूरच्या प्रेक्षकाला ‘घरच्या’ आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी जायचे ते पुण्याला, सुमारे अडीचशे किलोमीटर.

पुण्यात हे सामने नेहरू स्टेडियमवर होत. १९८४ च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्ध तिथे पहिला एकदिवसीय सामना झाला. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते याच मैदानावर. कसोटी मात्र तिथे कधीच झाली नाही. स्टेडियम पुणे महानगरपालिकेच्या मालकीचे, सामना असोसिएशनचा. आणि पुन्हा तोच वाद, तिकिटांच्या वाट्याचा. फरक एवढाच की मालकाच्या जागी क्लबऐवजी महापालिका होती.

उत्तरही तेच निघाले. असोसिएशनने मुंबई–पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे स्टेडियम बांधले. क्षमता सुमारे ३७,०००. नेहरू स्टेडियमवरचा शेवटचा एकदिवसीय सामना नोव्हेंबर २००५ मध्ये झाला होता; गहुंजेतला पहिला आंतरराष्ट्रीय सामना २० डिसेंबर २०१२ रोजी झाला. वानखेडे निदान जुन्या मैदानाच्या शेजारी होते. गहुंजे शहराबाहेर आहे. नेहरू स्टेडियम स्वारगेटच्या बसस्थानकापासून चालत गाठता येई, म्हणजे सोलापूरहून एसटीने येणारा माणूस उतरून सरळ मैदानात जाऊ शके. गहुंजेला दिवस-रात्र सामना संपल्यावर त्याने आधी पुण्यात परतायचे आणि मग सोलापूरची वाट धरायची. स्वतःचे वाहन असलेला प्रेक्षक गृहीत धरून ती जागा निवडलेली आहे, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

गहुंजेला पहिली कसोटी २०१७ च्या फेब्रुवारीत मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले आणि भारत ३३३ धावांनी हरला. २३ फेब्रुवारीला सुरू झालेला सामना २५ ला संपला. तिसरा दिवस शनिवारचा होता. रविवारचे तिकीट काढून ठेवलेल्यांच्या हाती फक्त तिकीट राहिले. १९३३ मध्ये ज्या रविवारने मुंबईतली कसोटी गाजवली, तो पुण्याच्या पहिल्या कसोटीत उजाडलाच नाही. पुढे २०२१ च्या मार्चमध्ये इंग्लंडविरुद्धचे तीन एकदिवसीय सामने साथीमुळे प्रेक्षकांविना झाले. ३७,००० खुर्च्या, आणि वाटायला एकही नाही.

आता शेवटचा हिशेब वानखेडेचा. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे झाला. पुनर्बांधणीनंतर क्षमता सुमारे ३३,००० उरली होती. संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, प्रायोजक, पाहुणे असे सर्वांचे वाटे काढून झाल्यावर सर्वसामान्यांना विकण्यासाठी सुमारे ४,००० तिकिटे राहिली. दर आठ खुर्च्यांमागे साधारण एक. जी असोसिएशन क्लबच्या सभासदांसाठी राखलेल्या जागांना कंटाळून ब्रेबोर्नमधून बाहेर पडली होती, तिच्याच स्टेडियममधला हा हिशेब आहे.

सोलापुरात शहराच्या मध्यभागी पार्क मैदान आहे. अधिकृत नाव इंदिरा गांधी स्टेडियम. २०२४ च्या जानेवारीत तिथे महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर हा रणजी सामना झाला. बसस्थानकावरून आणि रेल्वे स्टेशनवरून तिथे सहज पोहोचता येते. मैदानाची मालकी महानगरपालिकेची आहे, सामना असोसिएशनचा होता.